सॉफ्टशेल जॅकेट घेण्यापूर्वी

“हे वॉटरप्रूफ आहे ना?” सॉफ्टशेल, म्हणजे चढाईत घालायचं मऊ, वारा अडवणारं जॅकेट, पाहायला आलेले बहुतेक ग्राहक आधी हेच विचारतात. आमचं उत्तर: नाही, आणि चढाईसाठी तसं नसलेलंच बरं.

चढताना माणूस पावसापेक्षा स्वतःच्या घामाने जास्त भिजतो. सॅक घेऊन खडा चढ चढलात की पाठ ओली होते आणि बिले द्यायला (म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळायला) थांबलात की वाऱ्यात तोच घाम हुडहुडी भरवतो. सॉफ्टशेलने वारा बऱ्यापैकी अडवावा आणि घामाची वाफ बाहेर जाऊ द्यावी, एवढीच अपेक्षा ठेवा. भुरभुर पाऊस आणि कोरडा बर्फ ते सहज निभावतं. मुसळधार पावसात पाणी आत येणारच, त्यासाठी सॅकमध्ये पातळ रेनजॅकेट वेगळं हवं.

काही सॉफ्टशेलमध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये मेम्ब्रेन, म्हणजे वारा अडवणारा पातळ पडदा, असतं. त्याने वारा जवळजवळ पूर्ण थांबतो, पण वाफ सावकाश जाते. हाताला असं जॅकेट जाडजूड, भक्कम लागतं, म्हणून पसंत पडतं. उघड्या धारेवर, कडक वाऱ्यात, संथ चालीसाठी ते चांगलंच. सतत चढणाऱ्यांना मात्र आम्ही बिनमेम्ब्रेनचं, ताणलं जाणारं विणीचं कापड सुचवतो. ओळखायचं असेल तर कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा किंचित लागली, तर वाफेलाही वाट आहे. कातळावर घासायचं असेल तर नायलॉनचं घ्या, ते पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं.

माप बघताना हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट सोबत आणा. हार्नेस बांधून दोन्ही हात पूर्ण वर करा. जॅकेट पट्ट्याखालून सुटून वर आलं, तर ते तुमच्यासाठी नाही, मग रंग कितीही आवडलेला असो. कमरेचे खिसे हार्नेसखाली दाबले जातात, म्हणून छातीवरचे खिसे बघा. हूड हेल्मेटवरून चढला पाहिजे आणि मान वळवली की सोबत वळला पाहिजे. खालूनही उघडणारी चेन असेल तर बिले लूपपाशी (हार्नेसच्या पुढच्या कडीपाशी) हात मोकळा राहतो. आत बेसलेअर (अंगालगतचा थर) आणि पातळ फ्लीस (उबदार, लवदार कापडाचा थर) मावेल इतकीच ढिलाई ठेवा.

धुण्याबद्दल एक कळकळीची विनंती: फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नका. कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून जो लेप असतो, तो त्याने निकामी होतो. मळ आणि साबणाचा अंश राहिला तरी तेच होतं. सौम्य द्रव साबण वापरा, दोनदा खळबळून काढा आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा काम करू लागतो. हल्लीचे फ्लोरिनविरहित लेप तेलकटपणा लवकर धरतात. हाताचं तेल, सनस्क्रीन लागत असेल तर अशी जॅकेटं थोडी वारंवार धुवावी लागतात.

एवढं करूनही पाण्याचे थेंब न ओघळता कापडात मुरत असतील, तर लेप नव्याने द्या. आत फ्लीसचं अस्तर असेल तर स्प्रेचाच लेप घ्या आणि तो फक्त बाहेरून मारा. पाण्यात कालवून द्यायचा लेप अस्तरालाही बसतो आणि मग ते घाम शोषत नाही.