बहुमाध्यम अध्ययनसाहित्य

बहुमाध्यम अध्ययनसाहित्य : मजकूर, निवेदन, चित्र, चलचित्र आणि सरावप्रश्न यांपैकी दोन किंवा अधिक माध्यमे एकत्र गुंफून ऑनलाइन शिकणाऱ्यासाठी तयार केलेला पाठ. अशा पाठाच्या रचनेत डोळ्यांनी काय घ्यायचे, कानांनी काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते. त्यांतले गाळण्याचे काम सर्वांत अवघड असते.

या रचनेचा आधार मानसशास्त्रीय आहे. शब्द आणि प्रतिमा यांची नोंद मन दोन वेगळ्या वाटांनी ठेवते, हा विचार कॅनडातील ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ मध्ये मांडला. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये बोधात्मक भाराचा सिद्धांत पुढे आणला : एका वेळी मनात धरता येणारी माहिती मोजकीच असते आणि पाठाची मांडणी विस्कळीत असेल, तर मनातली बरीचशी जागा त्या गोंधळातच खर्ची पडते. अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी हे धागे जोडून प्रयोगांच्या आधारे रचनातत्त्वे सांगितली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

विदर्भातील कापूस उत्पादकांसाठी गुलाबी बोंडअळीवर पाठ करायचा झाल्यास ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात, हे स्पष्ट होते. अळीने ग्रासलेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात. अशा फुलाला डोमकळी म्हणतात. हे शब्दांत कितीही सांगितले तरी निरोगी कळी आणि डोमकळी यांतला फरक नजरेत बसत नाही. म्हणून दोन्ही शेजारीशेजारी, जवळून घेतलेल्या चित्रांत दाखवावीत, निवेदकाने पाकळ्यांचा उल्लेख करताच बाणही त्याच क्षणी तेथे यावा आणि पार्श्वसंगीत पूर्ण बंद असावे. बाहेरून धड दिसणारे हिरवे बोंड चिरून आतली अळी दाखवणे, हे तर चलचित्राचेच काम आहे. याउलट कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडले की उपाय योजावा, ही मर्यादा आकड्यांतच लक्षात राहते. तेवढी पडद्यावर ठळक लिहावी. ओळख, सापळा आणि मोजणी असे तीन छोटे भाग केले, तर शेतकऱ्याला हवा तो भाग वावरात उभे राहूनही पुन्हा पाहता येतो.

सर्रास आढळणारा दोष म्हणजे पडद्यावर परिच्छेद मांडून तोच शब्दशः वाचून दाखवणे. डोळे आणि कान एकाच वाक्यामागे वेगवेगळ्या गतीने धावतात आणि चित्र पाहायला कोणी उरत नाही. तयार करणाऱ्याला मात्र हा पाठ सर्वांत सोपा जातो, हे त्याच्या प्रसाराचे खरे कारण असावे.

ग्रामीण भागात याला फाइलच्या आकाराचे बंधन जोडले जाते. दर सेकंदाला २ मेगाबिट या दराने साठवलेले दहा मिनिटांचे चलचित्र सुमारे १५० एमबी होते. ५०० किलोबिट दराने तेच सुमारे ३८ एमबी आणि ३२ किलोबिटचे केवळ निवेदन अडीच एमबीच्या आत बसते. घरातला एकच फोन दिवसभर वडिलांच्या खिशात असेल, तर मुलाच्या वाट्याला संध्याकाळचा थोडा वेळ येतो. त्यामुळे पाठ आधी उतरवून ठेवता आला पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या शालेय शिक्षणाच्या ऑनलाइन मंचावर ही सोय आहे आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून त्या साहित्यापर्यंत पोहोचता येते. स्थिर चित्रांवर निवेदन चढवलेला पाठ कमी डेटात भागतो, आणि हालचाल दाखवायची नसेल तेथे तो चलचित्राहून उणाही पडत नाही.

भाषेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बोलल्यासारखे, समोरच्याला उद्देशून केलेले निवेदन औपचारिक निवेदनापेक्षा चांगले समजते, असे मेयर यांचे निष्कर्ष सांगतात. त्यामुळे वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतील निवेदनाला विनोदनिर्मितीपलीकडे शैक्षणिक कारण आहे; परीक्षेत येणारी संज्ञा तेवढी प्रमाण मराठीत ठेवावी. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील, तर गडचिरोलीतील गोंडी व माडिया या द्राविड कुळातील भाषा आहेत. ज्या मुलांच्या घरी या भाषा बोलल्या जातात, त्यांच्यासाठी मराठी निवेदन हाच एक वाढीव भार ठरतो. तेथे नव्या संज्ञा पाठाआधीच चित्रांसह ओळखीच्या कराव्यात, निवेदन संथ ठेवावे आणि कळीचे शब्द पडद्यावर लिहावेत.

अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असा वेबसुलभतेचा, म्हणजे दृष्टी अधू असलेल्यांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीचा, आंतरराष्ट्रीय निकष आहे. उन्हात हातातला फोन धरून पाहणाऱ्यासाठी तेही अपुरे पडू शकते. म्हणून पाठ संगणकावर तपासून न थांबता साध्या फोनवर, दुपारी, अंगणात लावून पाहावा.