बोलिंग फेडरेशनकडे पिना नसतात

२ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. संध्याकाळी आमच्या फोंड्यातल्या ग्रुपवर अभिनंदनाचं चित्र फिरलं: चकचकीत लाकडी पट्टी आणि टोकाला दहा पांढऱ्या पिना. पदक लॉन बोल्सचं, चित्र टेनपिनचं. वर मथळा 'लॉन बॉल'. बॉल नव्हे हो, बोल्स!

टेनपिन तुम्ही मॉलमध्ये खेळलेलाच असाल. भाड्याचे बूट, बोटांसाठी भोकं असलेला चेंडू, दहा पिना पाडायच्या. लॉन बोल्समध्ये पाडायला काहीच नसतं. हिरवळीवर आधी 'जॅक' नावाचा छोटा चेंडू जातो, मग आपला बोल त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचा. बोल पुरता गोल नसतो, त्यामुळे वेग मंदावला की एका अंगाला वळतो. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना आणखी सांगायला नको.

खरा घोळ नावांत आहे. देशात लॉन बोल्सचा कारभार पाहणाऱ्या संघटनेचं नाव आहे बोलिंग फेडरेशन ऑफ इंडिया. नावात 'लॉन' नाही, 'बोल्स' नाही. आहे ते नेमकं 'बोलिंग'! पिनावाल्यांची संघटना निराळी, टेनपिन बोलिंग फेडरेशन. जगाच्या पातळीवरही तेच: लॉन बोल्सची वर्ल्ड बोल्स, टेनपिनची इंटरनॅशनल बोलिंग फेडरेशन. आणि या दुसरीचं आधीचं नाव काय, तर वर्ल्ड बोलिंग. बारसं करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. आमच्या ओळखीच्या एका बापाने टेनपिन खेळणाऱ्या मुलासाठी निवड चाचणीची चौकशी करणारं लांबलचक पत्र लिहिलं, 'बोलिंग' एवढाच शब्द पाहून पत्ता शोधला आणि पाठवलं लॉन बोल्सवाल्यांना. मुलाच्या चाचणीशी त्यांचा काय संबंध? फेडरेशन वेगळी की सगळी शिडीच वेगळी. खाली राज्य संघटना, वर राष्ट्रीय फेडरेशन. राष्ट्रीय अजिंक्यपद आणि संघाची निवड तिच्याकडे. मान्यता नि अनुदान केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचं. एका शिडीवरचं प्रमाणपत्र दुसरीवर कामाचं नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: लॉन बोल्स ऑलिंपिकमध्ये नाही, मग भारतीय ऑलिंपिक संघटना मध्ये कुठून आली? राष्ट्रकुल स्पर्धेला भारताचं पथक तीच पाठवते, म्हणून. या खेळाची मोठी जत्रा तिथेच भरते. भारत त्यात पहिल्यांदा उतरला तो २०१० ला, दिल्लीत.

गोव्यात २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत लॉन बोल्सही होतं आणि लगोरीही. तेव्हा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला विचारलं, "म्हणजे लगोरीसारखंच ना?" लगोरीत रचलेलं पाडतात, टेनपिनमध्येही पाडतात. तुलना करायचीच तर त्या दोघांची करा, आमच्या बोल्सना मध्ये ओढू नका.