लिंकने फॉर्म पाठवण्याची पार्श्वभूमी

लिंक आणि फॉर्म यांची कामे सुरुवातीपासूनच वेगळी होती. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ मधील मूळ एचटीटीपीमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीच्या नियमांत) 'गेट' ही एकच पद्धत होती: ब्राउझरने पत्ता सांगायचा आणि सर्व्हरने पान द्यायचे. १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकन संगणन केंद्राच्या मोझेक ब्राउझरमध्ये अनेक रकान्यांचे फॉर्म भरता येऊ लागले, आणि त्याच सुमारास त्या संस्थेच्या सर्व्हरवर सीजीआयची, म्हणजे आलेली माहिती प्रोग्रामकडे सोपवण्याची, सोय झाली. सीजीआयमध्ये गेटने आलेली माहिती पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढून घेतली जाई, तर 'पोस्ट' या दुसऱ्या, माहिती विनंतीच्या आत पाठवणाऱ्या पद्धतीने आलेली माहिती प्रोग्रामला स्टँडर्ड इनपुटमधून (प्रोग्रामला माहिती पुरवण्याच्या नेहमीच्या मार्गाने) वाचावी लागे. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये यामागचा संकेतही नोंदवला गेला: नुसता शोध घ्यायचा असेल तर गेट, आणि सर्व्हरवरच्या नोंदींमध्ये बदल होणार असेल तर पोस्ट.

लिंक आणि फॉर्म यांतला भेद पुसट झाला तो मुख्यतः दिसण्याच्या हौसेपायी. तेव्हाची करडी बटणे पानाच्या मांडणीत बसत नसत, लिंक मात्र हवी तशी रंगवता येई. १९९६ मध्ये नेटस्केप २.० या ब्राउझरबरोबर जावास्क्रिप्ट ही पानात चालणारी प्रोग्रामिंग भाषा आली आणि लिंकवर क्लिक होताच फॉर्म पाठवण्याची युक्ती रूढ झाली. २००२ च्या एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या वेब-प्रोग्राम लिहिण्याच्या तयार चौकटीने तर तिला चौकटीतच स्थान दिले. तेथील 'लिंकबटन' पानावर साध्या लिंकसारखे दिसते. परंतु क्लिक केल्यावर एक फंक्शन त्या लिंकचे नाव लपवलेल्या रकान्यात लिहिते, फॉर्म पोस्टने पाठवते, आणि तो रकाना वाचून कोणते काम करायचे हे सर्व्हर ठरवतो. जावास्क्रिप्ट बंद असेल तर ही लिंक निरुपयोगी ठरते, तरीही बदलाची विनंती पोस्टनेच जाते, ही या रचनेची मोठी जमेची बाजू मानावी लागेल.

खरे नुकसान केले ते 'काढून टाका' अशा थेट गेट लिंकांनी. मे २००५ मध्ये गूगलने वेब अ‍ॅक्सेलरेटर आणला. पाने लवकर उघडावीत म्हणून तो वापरकर्त्याच्या लॉगिनसह पानावरील लिंका आधीच उघडून ठेवत असे. थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीच्या नुकत्याच सुरू झालेल्या 'बॅकपॅक' या ऑनलाइन नोंदवहीमध्ये त्यामुळे वापरकर्त्यांचा मजकूर पुसला जाऊ लागला. 'नक्की काढायचे का?' असे विचारणारी जावास्क्रिप्टची खिडकीही उपयोगी पडली नाही, कारण अ‍ॅक्सेलरेटर ती स्क्रिप्ट न चालवता थेट पत्ताच मागत होता. त्या वेळी अनेकांनी गूगलला दोष दिला, परंतु गेटने काही बदलू नये हे १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या दस्तऐवजात आधीच लिहिलेले होते.

पुढे रेल्ससारख्या चौकटींमध्ये लिंकवर क्लिक होताच स्क्रिप्टने फॉर्म तयार करून तो पोस्टने पाठवण्याची पद्धत रुळली. एचटीएमएल फॉर्मला गेट आणि पोस्ट एवढेच ठाऊक असल्याने 'डिलीट' हा शब्द लपवलेल्या रकान्यातून जातो आणि सर्व्हर त्यानुसार विनंतीचा अर्थ लावतो. पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेत २००१ पासून गेट आणि पोस्ट यांनी आलेल्या माहितीच्या स्वतंत्र याद्या आहेत, पण दोन्ही एकत्र करणारी 'रिक्वेस्ट' यादीही आहे. सोय म्हणून तीच वापरली आणि विनंतीची पद्धत तपासली नाही, की पोस्टसाठी लिहिलेले काम साध्या लिंकनेही होऊन जाते.

परक्या संकेतस्थळावरून येणाऱ्या बनावट विनंत्यांच्या बाबतीतही हीच फट महागात पडते. क्रोमने २०२० मध्ये कुकींसाठी (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणांसाठी) परक्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीबरोबर त्या सहसा न पाठवण्याचा 'सेमसाइट लॅक्स' हा नियम आपोआप लागू केला, तरी लिंकवर क्लिक करून पान उघडताना गेट विनंतीबरोबर कुकी जातेच. म्हणून गेटने नोंद पुसणाऱ्या पानाला या नियमाचे पुरेसे संरक्षण मिळत नाही.

ईमेलमध्येही हा प्रश्न उभा राहिला. तपासणी करणारी यंत्रे पत्रातील लिंका स्वतःच उघडतात, त्यामुळे सदस्यत्व नकळत रद्द होण्याचा धोका असतो. जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने त्यावर एका क्लिकचा मार्ग घालून दिला: रद्द करण्याचा पत्ता पत्राच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या तांत्रिक नोंदींत) राहतो आणि वाचकाने बटण दाबल्यावर मेलसेवा त्या पत्त्यावर पोस्ट विनंती पाठवते. मोठ्या प्रमाणावर प्रचारपत्रे पाठवणाऱ्यांना जीमेल आणि याहू यांनी ही सोय २०२४ पासून बंधनकारक केली आहे.