कर्नल पोर्टिंग (एम्बेडेड प्रोसेसरसाठी)

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो ज्या प्रोसेसरला अजून ओळखत नाही, त्या प्रोसेसरवर त्याला चालता करणे म्हणजे पोर्टिंग. राउटर, सेट-टॉप बॉक्स, मोटारीतला पडदा, कारखान्यातली नियंत्रक यंत्रे अशा उपकरणांत बसवलेल्या, म्हणजेच एम्बेडेड, प्रोसेसरांसाठी हे काम कायम चालू असते. या चिपा सतत नव्या येत राहतात आणि प्रत्येकीची अंतर्गत मांडणी निराळी असते. या नोंदीत मुख्यतः लिनक्स कर्नलचा विचार केला आहे.

‘नवा प्रोसेसर’ हे शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात आणि कामाचा अंदाज चुकतो तो बहुधा इथेच. पहिली गोष्ट म्हणजे अगदी नवा आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या मूलभूत आज्ञांचा संच. त्यासाठी आधी कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड त्या आज्ञांत उतरवणारा प्रोग्राम, लागतो आणि मग कर्नलमध्ये स्वतंत्र विभाग लिहावा लागतो. असे क्वचितच घडते: रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचाचा विभाग ४.१५ या आवृत्तीत (जानेवारी २०१८) आला, लूंगआर्चचा ५.१९ मध्ये (जुलै २०२२). दुसरी गोष्ट म्हणजे ओळखीच्या आज्ञासंचाचा, उदाहरणार्थ आर्मचा, तयार गाभा (आज्ञा चालवणारा मुख्य भाग) घेऊन त्याभोवती टायमर, सिरीयल पोर्ट, घड्याळ-यंत्रणा, मेमरी-नियंत्रक वगैरे बसवलेली नवी चिप, म्हणजे एसओसी (सिस्टिम ऑन चिप). तिसरी म्हणजे चिप जुनीच, पण बोर्ड नवे. ‘नव्या प्रोसेसरला सपोर्ट’ म्हणून जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असते. त्यात प्रोसेसरच्या गाभ्याला हात लावावा लागत नाही. सगळे श्रम भोवतालच्या भागांवर होतात.

थोडा इतिहास

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतला तो इंटेलच्या ८०३८६ साठी, आणि तो दुसरीकडे नेता येण्यासारखा नाही हे त्यांनी पहिल्या घोषणेतच सांगून टाकले होते. १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसर यादीत आले. आर्मवरचे काम रसेल किंग यांनी १९९४ च्या सुमारास एकॉर्नच्या संगणकांवर सुरू केले. या धडपडीतून आजची विभागणी पक्की झाली: प्रोसेसरशी थेट बांधलेला कोड ‘आर्च’ नावाच्या डिरेक्टरीत आणि बाकी बहुतेक सगळा कोणत्याही यंत्रावर चालेल अशा सी भाषेत. ज्या ३८६ साठी हे सगळे सुरू झाले, त्याचाच सपोर्ट ३.८ आवृत्तीत (२०१३) काढून टाकण्यात आला.

मेमरी व्यवस्थापन एकक (प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा वेगळा हिस्सा वाटून देणारा भाग) नसलेल्या छोट्या प्रोसेसरांसाठी १९९८ मध्ये यूसीलिनक्स ही वेगळी शाखा निघाली आणि पुढे ती मुख्य कर्नलमध्ये मिसळली. आज अशा मायक्रोकंट्रोलरांवर लिनक्सपेक्षा झेफिर किंवा फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिम जास्त दिसतात, आणि ते योग्यही आहे.

पहिले अक्षर

बोर्डला वीज दिली की आधी बूटलोडर चालतो. तो मेमरी चालू करतो, कर्नल तिच्यात उतरवतो आणि त्याच्या पहिल्या सूचनेवर उडी घेतो. या हस्तांतराचे नियम लेखी आहेत. ६४ बिटी आर्मवर मेमरी व्यवस्थापन एकक बंद असले पाहिजे आणि पहिल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणखणात) हार्डवेअरच्या वर्णनाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या डिव्हाइस ट्रीचा, पत्ता असला पाहिजे. रिस्क-फाइव्हवर एका रजिस्टरमध्ये प्रोसेसर-गाभ्याचा क्रमांक असतो आणि दुसऱ्यात वर्णनाचा पत्ता.

यानंतर पडद्यावर काहीच दिसत नाही. कर्नल चालतो आहे की पहिल्याच पावलाला कोसळला, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून सर्वांत आधी सिरीयल पोर्ट बोलता करतात. ‘अर्लीकॉन’ या सोयीला इंटरप्ट (एखाद्या भागाने प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा) लागत नाही, घड्याळ-यंत्रणा लागत नाही. पोर्टच्या रजिस्टरचा पत्ता सांगितला की ती एकेक अक्षर बाहेर ढकलते. चिपमधला सिरीयल पोर्ट जुन्या १६५५० च्या जातीचा किंवा आर्मचा पीएल०११ निघाला तर ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा कोड, तयारच असतो. निराळा निघाला तर आधी तो लिहायचा. तोवर जेटॅग (चिप तपासण्याची खास जोडणी) जोडून आत डोकावणे किंवा कोडच्या ठरावीक ओळीवर एखादा एलईडी पेटवणे, एवढेच हातात उरते.

पुढचे दोन खांब म्हणजे इंटरप्ट-नियंत्रक आणि टायमर. आर्मच्या बहुतेक नव्या चिपांत हे दोन्ही प्रमाणित भाग असतात, म्हणून तिथे काम थोडक्यात आटोपते. टायमरचा इंटरप्ट आलाच नाही तर कर्नलचा काळच पुढे सरकत नाही. जुन्या कर्नलमध्ये अशा वेळी विलंबाचे मोजमाप करणाऱ्या ओळीवर सगळे थिजून बसायचे. मग घड्याळ-यंत्रणा, पिनांची वाटणी, रिसेट आणि वीजपुरवठ्याचे विभाग येतात. त्यानंतर कर्नल बराच वेळ बडबड करतो आणि रूट फाइल सिस्टिम (बाकीची सिस्टिम जिथे साठवलेली असते ती) सापडली नाही म्हणून ‘पॅनिक’ होतो, म्हणजे थांबतो. नवख्याला वाटते सगळे बिघडले. प्रत्यक्षात ती आनंदाची बातमी असते: कर्नल उभा राहिला, आता फक्त साठवणुकीचा ड्रायव्हर हवा.

घड्याळ-यंत्रणेबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण सर्वांत चकवणारे दोष तिथेच लपतात. एसओसीमधल्या प्रत्येक भागाला ठोके पुरवणारी शेकडो घड्याळे एकमेकांपासून फुटलेली, झाडासारखी असतात. बूटलोडरने त्यातली काही चालू ठेवलेली असतात. कर्नल बूट होत आला की ज्यांवर कोणत्याच ड्रायव्हरने हक्क सांगितलेला नाही अशी घड्याळे वीज वाचवण्यासाठी बंद करतो. एखादे महत्त्वाचे घड्याळ यादीत सांगायचे राहिले असेल, तर तोवर व्यवस्थित चाललेले बोर्ड त्याच क्षणी मुके होते, आणि संशय मात्र शेवटी छापलेल्या ओळीवर जातो. न वापरलेली घड्याळे बंद करू नकोस असे बूटच्या आज्ञेत सांगून पाहणे हा यावरचा जुना तपास आहे. बोर्ड चालू राहिले तर दोष कुठे शोधायचा ते कळले. पण हा पर्याय तसाच ठेवून बोर्ड बाजारात पाठवणे म्हणजे दुखणे झाकणे.

डिव्हाइस ट्री

साध्या पीसीत कोणते भाग आहेत हे पीसीआय आणि एसीपीआय या यंत्रणा कर्नलला सांगतात. एसओसीत सांगणारे कोणी नसते. अमुक पत्त्यावर टायमर आहे हे चिपच्या माहितीपुस्तिकेतच असते, आणि ते कर्नलला कोणीतरी कळवावे लागते. आर्मवर पूर्वी ही माहिती सी कोडमध्येच लिहीत. प्रत्येक चिपघराण्याची स्वतंत्र डिरेक्टरी, प्रत्येक बोर्डची स्वतंत्र फाइल आणि प्रत्येक बोर्डला एक नोंदणीकृत क्रमांक. एकच गोष्ट डझनावारी ठिकाणी थोडी थोडी बदलून लिहिलेली असे. २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर आणि कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी या चिपांचे बदल एकत्र गोळा करणारी वेगळी शाखा सुरू झाली आणि माहिती कोडबाहेर काढण्याला वेग आला.

ती बाहेर ठेवण्याची पद्धत म्हणजे डिव्हाइस ट्री. तिचे मूळ सन आणि ॲपलच्या जुन्या संगणकांतील ओपन फर्मवेअरमध्ये आहे. लिनक्समध्ये ती आधी पॉवरपीसी प्रोसेसरांवर रुळली. ही एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात प्रत्येक भागाची नोंद असते: तो कोणत्या ड्रायव्हरशी जुळतो, त्याची रजिस्टरे कुठे आहेत, कोणता इंटरप्ट, कोणते घड्याळ. ती कंपाइल करून बूटलोडरमार्फत कर्नलला देतात. (कंपाइल झालेल्या फाइलीचे पहिले चार बाइट षोडशमान पद्धतीत ‘डूड फीड’ असे वाचता येतात, अभियंत्यांचा विनोद असाच असतो.) ३.७ आवृत्तीपासून (डिसेंबर २०१२) एकच ३२ बिटी आर्म कर्नल अनेक कंपन्यांच्या चिपांवर बूट होऊ लागला. ६४ बिटी आर्म याच आवृत्तीत आला, आणि त्यात चिपघराण्यांच्या डिरेक्टऱ्या पहिल्यापासूनच ठेवल्या नाहीत.

या फाइलीचा एक नियम पाळायला कठीण आहे. तिच्यात हार्डवेअर जसे आहे तसे लिहायचे, लिनक्सला काय सोयीचे ते नाही. जुने वर्णन नव्या कर्नलवरही चालले पाहिजे, म्हणून एकदा स्वीकारलेले नाव सहसा बदलता येत नाही. पाच ओळींच्या नोंदीवर पाचशे ओळींच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त चर्चा झडते, ती यामुळे.

मेनलाइनमध्ये प्रवेश

चिप चालू होणे आणि तिचा सपोर्ट मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे मेनलाइनमध्ये, जाणे यांत मोठे अंतर असते. अनेक चिप-कंपन्या एखादी जुनी आवृत्ती घेऊन तिच्यावर आपल्या बदलांचा ढीग रचतात आणि तेच गिऱ्हाइकाला देतात. उपकरण विकले जाते, पण पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या ढिगात मिसळणे दर वर्षी अवघड होत जाते.

मेनलाइनसाठी बदलांचे छोटे, स्वतंत्रपणे तपासता येतील असे तुकडे, म्हणजे पॅच, करावे लागतात. आधी डिव्हाइस ट्रीतल्या नावांची नियमावली, मग ड्रायव्हर, मग चिपचे आणि बोर्डचे वर्णन, शेवटी ‘मेन्टेनर्स’ फाइलीत या कोडची जबाबदारी कोणाकडे हे सांगणारी नोंद. प्रत्येक पॅचवर तो देण्याचा अधिकार आपल्याला आहे अशी सही असते. ही प्रथा २००४ पासूनची. घड्याळाचा ड्रायव्हर एका मेन्टेनरच्या शाखेतून जातो, इंटरप्टचा दुसऱ्याच्या, वर्णने तिसऱ्याच्या. नवे बदल घेण्याची खिडकी दर नऊ-दहा आठवड्यांनी जेमतेम दोन आठवडे उघडी असते. म्हणून एका चिपचा सपोर्ट तुकड्यातुकड्यांनी, अनेक आवृत्त्यांत पसरून येतो: आधी नुसता सिरीयल कन्सोल, पुढे इथरनेट आणि यूएसबी, ग्राफिक्स बहुधा सर्वांत शेवटी.

आत गेलेला कोड तिथे राहीलच असेही नाही. बिल्ड होईना, तपासायला यंत्र मिळेना आणि प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी उरले नाही की तो काढला जातो. ४.१७ आवृत्तीत (जून २०१८) ब्लॅकफिन आणि टाइल यांच्यासह आठ आज्ञासंच एकाच वेळी वगळले गेले. त्याच आवृत्तीत अँडीज कंपनीचा एनडीएस३२ नव्याने दाखल झाला. पुढे कंपनी स्वतःच रिस्क-फाइव्हकडे वळली आणि ५.१८ मध्ये (मे २०२२) तोही गेला.