भूशिरावर गेलात की टोकावर थांबू नका

समुद्रात घुसलेल्या खडकाळ भूशिरावर पोचलं की बहुतेक जण तडक टोक गाठतात आणि क्षितिजाकडे तोंड करून उभे राहतात. साहजिकच आहे. पुळणीवर उभ्या माणसाला क्षितिज पाच किलोमीटरही लांब नसतं. १०० मीटर उंच कड्यावरून तेच सुमारे ३६ किलोमीटरवर जातं. (मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. दुप्पट लांबचं बघायचं तर चौपट उंच चढायला हवं.)

तरी माझ्या मते टोकावर बघण्यासारखं सगळ्यात कमी असतं. दोन-तीनशे पावलं मागे या आणि अशी जागा धरा, जिथून टोक आणि त्याच्या बाजूचा आत वळलेला किनारा एकदम दिसेल. आता एकच लाट निवडा आणि तिच्यावरची नजर हलवू नका.

दूरवर ती सरळ रेघेसारखी असते. जवळ येताना वाकू लागते आणि शेवटी टोकाला दोन्ही बाजूंनी वेढा घालते. हे घडतं तळामुळे. लाटेची हालचाल पाण्याखाली साधारण तिच्या निम्म्या लांबीइतकी (लांबी म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर) खोल जाते. दर १० सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते, म्हणजे पाणी ७८ मीटर खोल असतानाच तिला तळ जाणवू लागतो. जसजसं पाणी आणखी उथळ होतं, तसा तिचा वेग घटतो. भूशिरासमोर तळ आधी वर येतो, म्हणून लाटेचा तेवढा तुकडा मागे रेंगाळतो, बाजूचे तुकडे खोल पाण्यातून पुढे सटकतात आणि अख्खी लाट वळते. तिची ऊर्जा माथ्याच्या रेघेशी काटकोनात पुढे जात असल्याने ती टोकावर एकवटते. बाजूच्या वळणात मात्र तीच ऊर्जा फाकते; तिथलं पाणी शांत असतं आणि वाळू साचते ती तिथेच.

गंमत अशी, की भूशिर पुढे आलेलं दिसतं तेच मुळी बऱ्याचदा कठीण खडकामुळे. शेजारचा मऊ खडक झिजून मागे हटला, हे तग धरून राहिलं. आणि तग धरल्याचं बक्षीस म्हणून आता सगळ्या लाटा याच्याच अंगावर.

मोठी लाट कड्यावर आदळली की पाण्याच्या खळखळाटाखालून एक दबका ‘धप्प’ ऐकू येतो. खडकाच्या फटीत हवा कोंडली गेली, त्याचा तो आवाज. लाट ओसरली की तीच दाबलेली हवा झटक्यात प्रसरण पावते आणि फट किंचित उकलते. दिवसभरात असे हजारो धक्के. शिवाय लाटेसोबत गोटे येतात, तेही खडक ठोकून काढतात. फटीची कपार होते, कपारीची गुहा. लाटा दोन्ही बाजूंनी वळून येत असल्याने समोरासमोरच्या गुहा आरपार मिळून कमान तयार होऊ शकते, आणि छत कोसळलं की समुद्रात एकटा सुळका उरतो. हे सगळं कूर्मगतीने चालतं, शेवटचा क्षण सोडून. माल्टातल्या गोझो बेटावरची ‘अझ्युअर विंडो’ ही प्रसिद्ध कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात गेली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर ‘लंडन ब्रिज’ नावाची दुहेरी कमान होती; १५ जानेवारी १९९० रोजी तिचा किनाऱ्याकडचा भाग ढासळला आणि पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

या माऱ्याचा एक फायदाही आहे: इथला खडक कायम उघडा, धुतलेला असतो. १७८८ मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटन स्कॉटलंडमधल्या सिकार पॉइंट या भूशिराशी होडीने गेला, तेव्हा त्याला खाली जवळपास उभे थर आणि त्यांच्यावर मंद उताराचे तांबूस वाळूखडकाचे थर दिसले. खालचे थर साचायचे, उभे व्हायचे, झिजायचे आणि मग त्यावर नवे साचायचे, तर त्याला अफाट काळ हवा. पृथ्वीच्या प्राचीनतेचा तो पुरावा आजही तिथे पाहता येतो.

फिरताना काठाकडे मात्र जरा संशयानेच बघावं. लाटा कड्याचा पाया पोखरतात, त्यामुळे आपण उभे आहोत तिथे खाली पोकळी असू शकते आणि वरून तिचा पत्ता लागत नाही. गवतात काठाला समांतर जाणारी भेग दिसली तर तिच्या पलीकडे पाऊल टाकू नका, भेग बोटभर का असेना.

खालच्या कातळावर उतरायचं तर आधी ओहोटीची वेळ पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त आत हटतं आणि तितकंच जास्त वरही चढतं. पाच मिनिटं लाटा न्याहाळून ‘इथवर येत नाहीत’ असं ठरवणं धोक्याचं. सागरी हवामानाच्या अंदाजात दिलेली लाटांची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. हजारभर लाटांत एखादी तिच्या जवळपास दुप्पट निघते. दर १० सेकंदांना एक लाट धरली, तर हजार लाटा पावणेतीन तासांत येऊन जातात.