खडस घरच्या टाकीत राहील का?

दर पावसाळ्यात दोन-चार जण पिशवीत बोटभर मासा घेऊन दुकानात येतात. "नदीवर मिळाला, खडशीचं पिल्लू आहे म्हणतात. याला केवढी टाकी लागेल?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हा कागद छापला.

खडस म्हणजे आपला दख्खनी महसीर. गळ टाकणारे ज्याच्यासाठी दिवसदिवस काठावर बसतात, तो. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. शास्त्रीय नावातलं 'खुद्री' हेही इथल्याच बोलीतून उचललेलं. म्हणजे मासा अगदी घरचा. घरात ठेवण्याजोगा मात्र नाही. मोकळ्या पाण्यात तो मीटरभर होतो.

"टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो," हे आम्ही रोज ऐकतो. वाढ खुंटते हे खरं, पण ती घाण पाण्याने आणि कोंडल्याने. अशा माशाचा कणा वाकतो, आणि तो आयुष्य पुरं न करताच जातो.

आता हिशोब. समजा आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच टाकी केली. काठोकाठ भरली तर सतराशे लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन १.७ टन, काच, दगड, स्टँड वेगळे. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. ही टाकी चौरस मीटरला साडेसातशेच्या वर जाते. गॅलरीत तर विचारूच नका. आणि एवढं करूनही मीटरभराचा मासा तीन फुटांत वळणार कसा? नाक एका काचेला, शेपूट दुसरीला.

जागेपेक्षा अवघड पाणी. खडस वाहत्या, खडकाळ, गार पाण्यातला. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. एप्रिलच्या दुपारी वीज गेली, पंप थांबला, की मोठा मासा सगळ्यात आधी वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. खाणं जास्त म्हणून घाणही जास्त. अमोनिया साठतो, आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायलाच काही आठवडे लागतात.

एकदा आम्हीही हा हट्ट केला होता. दुकानातल्या सहा फुटी टाकीत नऊ इंची खडस. झाकणात पाइपपुरती चार बोटं फट होती. सकाळी शटर उघडलं तर मासा शटरपाशीच, वाळलेला. टाकीपासून तिथपर्यंत फरशीवर खवले चिकटलेले. तेव्हापासून खडस ठेवत नाही, मागवूनही देत नाही.

हेच परदेशी 'मॉन्स्टर' माशांचं. तीन-चार इंचांचा लाल शेपटीचा कॅटफिश गोजिरा दिसतो, पण तो ॲमेझॉनमधला, मीटरच्या पुढे जाणारा. 'शार्क' म्हणून विकतात तो शार्क नव्हेच. मासळी बाजारात 'बासा' म्हणून ज्याचे तुकडे मिळतात, बहुधा तोच हा. वाढला की लोक तळ्यात सोडून मोकळे होतात. काचेवरचं शेवाळ खायला आणलेला सकर असाच उजनीच्या जलाशयात पसरला आणि आता कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून जाळी फाडतो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. कृपा करून कुठलाही मासा तळ्यात सोडू नका. आम्हाला फोन करा, जागा असेल तर ठेवून घेऊ.

नदीतलेच मासे हवे असतील तर चार फुटी टाकीत झेब्रा डॅनिओचा किंवा रोझी बार्बचा थवा ठेवा. दोन्ही आपल्या देशातले आणि बोटभरच राहणारे. मोठा महसीर बघायचा असेल तर महाडजवळ वाळणकोंडीला जा. काळ नदीच्या त्या डोहातला मासा देवीचा म्हणून कोणी धरत नाही. मुरमुरे टाकले की पाण्याखालून काळ्या पाठी वर येतात.

आणि पिशवीत आत्ता पिल्लू असेलच, तर आजच्या आज, जिथून आणलं त्याच पाण्यात सोडा. दुकानातल्या माशांबरोबर एक रात्र जरी राहिलं असेल तर मात्र नाही. टाकीतले रोग नदीत जातात.