मेशमधला व्हर्टेक्स आणि नकाशातला व्हर्टेक्स: दिसायला सेम, वागायला वेगळे

ब्लेंडरवर (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) हात बसलेला माणूस पहिल्यांदा क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, एडिट करायला घेतो तेव्हा हे हमखास होतं. पेन्सिलवर क्लिक करून एडिटिंग चालू केलं, व्हर्टेक्स टूल (व्हर्टेक्स म्हणजे आकृतीचा कोपऱ्याचा बिंदू) घेतलं, दोन शेजारच्या प्लॉटच्या सामाईक हद्दीवरचा बिंदू उचलून जरा बाजूला ठेवला, आणि बघतो तर एकच प्लॉट हललाय, दुसरा जागच्या जागी आणि मधे बारीक फट. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाहीये, बिंदू साठवायची पद्धतच वेगळी आहे.

मेशमध्ये, म्हणजे ब्लेंडरमधल्या थ्रीडी जाळीत, व्हर्टेक्स एकदाच लिहिलेला असतो आणि आजूबाजूचे फेस (पृष्ठभागाचे तुकडे) फक्त त्याचा नंबर लक्षात ठेवतात, म्हणून तो हलवला की त्याला लागून असलेलं सगळं आपोआप हलतं. शेपफाइल किंवा जिओपॅकेजमध्ये (नकाशाचा डेटा साठवायच्या फाइल) मात्र प्रत्येक पॉलिगॉन आपापली कोऑर्डिनेटची यादी घेऊन बसलेला असतो, म्हणजे सामाईक कोपरा दोनदा लिहिलाय आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. स्नॅपिंग चालू होतं ना मग जोडलं का नाही गेलं, असं खूप जण विचारतात, पण स्नॅपिंगचं काम बिंदू बरोब्बर त्याच जागी ठेवण्यापुरतं, जोडणं नाही. दोघांनी मिळून हलायला हवं असेल तर स्नॅपिंग टूलबारमधलं टोपोलॉजिकल एडिटिंग चालू करा, आणि माझं स्पष्ट मत आहे की हद्दींचं काम करताना ते चालूच असलं पाहिजे, कारण अशा फटी झूम केल्याशिवाय दिसत नाहीत आणि पुढे क्षेत्रफळ काढताना त्रास देतात.

नवीन व्हर्टेक्स टाकणं क्यूजीआयएसमध्ये सोपंय, रेषेवर हवं तिथे डबल क्लिक करा, किंवा रेषेच्या मधोमध अधिकचं चिन्ह दिसतं त्यावर क्लिक करून हव्या त्या जागी परत क्लिक करा. ब्लेंडरमध्ये एज (दोन व्हर्टेक्समधली कड) सिलेक्ट करून राइट क्लिक, सबडिव्हाइड, नाहीतर के दाबून नाइफ. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, एज दोन्ही फेसची असल्यामुळे एकट्या एजवर बिंदू टाकला तरी दोन्ही बाजूचे चौकोनी फेस पाच व्हर्टेक्सचे होतात, आणि नंतर सबडिव्हिजन मॉडिफायर (पृष्ठभाग गुळगुळीत करणारा) लावला की तिथे पृष्ठभाग ओढल्यासारखा दिसू शकतो.

सगळ्यात जास्त घोळ डिलीटचा. क्यूजीआयएसमध्ये व्हर्टेक्स डिलीट केला की आजूबाजूचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले जातात, पॉलिगॉन शाबूत राहतो. ब्लेंडरमध्ये एक्स दाबून व्हर्टिसेस निवडलं तर त्याला लागलेले फेससुद्धा जातात आणि भोक पडतं. तुम्हाला नकाशासारखं वागायला हवं असेल तर त्याच मेनूतलं डिझॉल्व्ह व्हर्टिसेस वापरा.

पण मेशमध्ये सगळं जोडलेलंच असतं असंही धरून चालू नका हां. एक्सट्रूड करून (निवडलेला भाग बाहेर ओढून) राइट क्लिकने रद्द केलं की वाटतं काहीच झालं नाही, पण नवे व्हर्टेक्स जुन्यांवर तसेच पडून राहतात. एसटीएल फाइलमध्ये (थ्रीडी प्रिंटिंगला वापरतात ती) तर प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे वेगवेगळेच लिहिलेले असतात. एखादा कोपरा ओढल्यावर मेश फाटायला लागली तर सगळं सिलेक्ट करा, एम दाबा, मर्ज बाय डिस्टन्स, डिफॉल्ट अंतर 0.0001 मीटर असतं ते बहुतेक वेळा पुरतं, उगाच वाढवलं तर बारीक तपशीलही एकमेकांत मिसळतात.

आणि नकाशा म्हटलं की बिंदू सुटेच असणार हेही खरं नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) प्रत्येक नोडला, म्हणजे बिंदूला, स्वतःचा आयडी असतो आणि रस्ते त्या आयडींची यादी ठेवतात, म्हणजे मेशच्या जवळ जाणारा प्रकार. चौकात दोन रस्ते नुसते एकमेकांवरून गेलेले दिसतात, पण नोड सामाईक नसेल तर रूटिंगला (रस्ता शोधून देणाऱ्या प्रोग्रामला) तिथे वळण सापडत नाही. जेओएसएममध्ये (ओपनस्ट्रीटमॅपचा एडिटर) दोन्ही नोड सिलेक्ट करून एम दाबलं की ते एक होतात, चुकून जोडले गेले असतील तर जी दाबून सोडवता येतात.